पाहुणीची बोळवण

दिवाळीच्या आधी माळा झाडून काढायचा, हा आमच्या घरातला जुना नेम. दरवर्षी तीच पितळी भांडी खाली येतात, तोच फुटका कंदील खाली येतो, 'यंदा हा टाकून देऊ' असे कोणीतरी म्हणते, आणि झाडलोट संपली की कंदिलासकट सगळे सामान पुन्हा वर जाऊन बसते. यंदा मात्र एका पेटीच्या तळाशी सासूबाईंची शिवलीलामृताची पोथी सापडली. लाल फडक्यात बांधलेली. त्यांना जाऊन वीस वर्षांवर झाली. गाठ तेव्हापासून कोणी सोडली नव्हती. मी ती सोडली, तशी पानांतून एक घडी घातलेला कागद खाली पडला.

वहीतून फाडलेला तो कागद होता. शाळकरी वळणाच्या गोल गोल अक्षरांत त्यावर लिहिले होते : 'सून, वय २७. माहेर निपाणी. शेवटी केव्हा गेली? तीन वर्षांपूर्वी. न्यायला कोण येते?' या शेवटच्या प्रश्नापुढे जागा कोरी होती.

ही सून म्हणजे मी. लिहिणारी होती एक अमेरिकन मुलगी, आमच्या घरी दोन महिने राहिलेली. कागद चुलीत गेला असेल अशीच माझी इतकी वर्षे समजूत होती. तो आत्याबाईंनी पोथीत का जपला असेल, याचा विचार करता करता माझी झाडलोट त्या दिवशी अर्धीच राहिली.

आमचे जयसिंगपूर काही फार जुने गाव नव्हे. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही पेठ वसवली आणि तिला आपले जन्मदाते वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे, यांचे नाव दिले. मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या कडेला आखून-रेखून बसवलेले गाव. म्हणून इथल्या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत. कोणी पत्ता विचारला तर आम्ही 'सहावी गल्ली', 'दहावी गल्ली' असे सांगतो. परगावच्या माणसांना हे फार रुक्ष वाटते. मी निपाणीहून लग्न होऊन आले तेव्हा मलाही वाटले होते.

१९८६ साली आमच्या घरात मामंजी, आत्याबाई, आम्ही दोघे आणि आमची चार वर्षांची मुलगी, एवढी माणसे होती. आमचे हे एका अडत दुकानात दिवाणजी होते. शेंगा, गूळ, तंबाखू यांचे हिशेब लिहून त्यांची बोटे शाईने कायम निळी असत. दुकानाच्या मालकांचे एक स्नेही पुण्यात प्राध्यापक होते. त्यांचे पत्र आले, की अमेरिकेतल्या कॉलेजातली एक विद्यार्थिनी पुण्यात मराठी शिकते आहे, तिला आपल्या अभ्यासासाठी दोन महिने एखाद्या घरात राहायचे आहे, कोणी ठेवून घेईल काय? आमची माडीवरची खोली रिकामी होती. मामंजींनी घरात मांस-मच्छी चालणार नाही एवढी एकच अट घातली. आत्याबाईंना मात्र वेगळीच काळजी पडली.

"एकटी येणार? आणि तिच्या आईनं सोडलं कसं तिला?"

दसऱ्यानंतर चार दिवसांनी ती आली. वीस-एकवीस वर्षांची, उंच, केसांची एक वेणी घातलेली. 'नमस्कार' म्हणताना हात इतके नीट जोडले, की माझी मुलगी आपलेही हात जोडून तिच्याकडे पाहत राहिली. गल्ल्यांना नंबर आहेत हे ऐकून तिला मोठा आनंद झाला. तिच्या देशातही कितीतरी शहरांत रस्त्यांना नंबरच असतात म्हणे. दोन दिवसांत तिला सगळे गाव पाठ झाले. मला सहा महिने लागले होते.

तिच्या अभ्यासाचा विषय ऐकून मात्र घरात हसू पिकले. विषय होता माहेर! लग्न झालेली मुलगी माहेरी किती वेळा जाते, तिला न्यायला मुराळी कोण येतो, ती किती दिवस राहते आणि परत निघताना तिला काय देतात, हे सारे बायकांना विचारून ती वहीत लिहून घेणार होती.

"एवढ्यासाठी विमानानं आली होय ही?" आत्याबाई म्हणाल्या. "हे तर नळावर उभं राहिलं तरी कळतंय."

पण ती नळावर उभी राहिलीच. रोज सकाळी भाकरी खाऊन निघे आणि उदगाव, शिरोळ, नांदणी, धरणगुत्ती, कुरुंदवाड अशी गावे पालथी घाली. संध्याकाळी परते ती पायांवर बोटभर धूळ घेऊन. मग सोप्यावर बसून दिवसभराचे शब्द आम्हांला विचारी. 'मूळ धाडणे' म्हणजे काय, 'बोळवण' आणि 'पाठवणी' यांत फरक कोणता, खण आणि चोळी एकच का? कितीतरी शब्द मी रोज वापरत होते, पण त्यांच्याकडे मी तिच्यामुळे पहिल्यांदा निरखून पाहिले.

एकदा तिने मला विचारले, "वहिनी, तुम्ही काकूंना आत्याबाई म्हणता. म्हणजे त्या तुमच्या वडिलांची बहीण आहेत का?"

"नाही बाई. त्या माझ्या सासूबाई."

"मग आत्या कशा? आणि ते मामंजी, म्हणजे आईचे भाऊ?"

मला काही सांगता येईना. सगळ्याच सुना म्हणतात, म्हणून मीही म्हणत होते. तेव्हा तिनेच मला सांगितले, की इरावती कर्वे यांनी १९५३ साली हिंदुस्थानातल्या नातेसंबंधांवर एक मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात ही उकल आहे. उत्तरेकडे मुलगी अनोळखी, दूरच्या घरी देतात. दक्षिणेकडे नात्यातच देतात. आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. इथे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. मुलीच्या बाजूने पाहिले तर ती आत्याच्याच घरी सून होऊन जाते. लग्न नात्यात झालेले नसले, तरी हाका मारायच्या त्या जुन्याच राहिल्या.

मी ते आत्याबाईंना सांगितले. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "असंल. नात्यातली असती तर तुझ्या माहेरच्यांनी मानपान तरी नीट ठेवला असता."

हे बोलणे पाहुणीला कळले नाही, मला कळले. ते नीट सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही.

१९८३ साली निपाणीला माझ्या भावाचे लग्न झाले. लगिनघाईत आत्याबाईंना द्यायचे लुगडे राहून गेले आणि पंगतीला बोलावणे उशिरा आले. मुद्दाम कोणी केले नव्हते. पण आत्याबाई न जेवता मांडवातून उठल्या, आणि त्यांच्यामागून आम्हांलाही उठावे लागले. त्या दिवसापासून माझे माहेर बंद झाले. 'जाऊ नकोस' असे मला कोणी सांगितले नाही. आमच्यासारख्या घरांतून असे कधी सांगत नाहीत. नेहमी काहीतरी काम निघे. पुढच्या वर्षी भाऊबीजेला माझा भाऊ न्यायला आला. त्याला पाट दिला, चहा दिला, मी त्याला ओवाळलेही, आणि 'सध्या सवड नाही' असे सांगून त्याला एकट्याला परत पाठवले. तो दाराबाहेर चपला घालत होता तेव्हा मी आत कणिक मळत होते. त्यानंतर तो आला नाही. आईची पत्रे येत. त्यांत 'ये' असा शब्द कधी नसे. लेकीला त्रास होईल म्हणून तो ती गाळत असे, हे मला समजत होते.

अशा घरात माहेराचा अभ्यास करायला ही मुलगी येऊन राहिली होती!

दिवाळी आली. आमचे हे जाऊन वन्संना आणि त्यांच्या दोन मुलांना घेऊन आले. घर भरून गेले. पाहुणी चकल्या पाडायला शिकली. तिच्या चकल्यांना काटे फार सुंदर येत, पण त्या तेलात सुटत. भाऊबीजेच्या दिवशी वन्संनी ह्यांना ओवाळले, ताटात ओवाळणी पडली, आणि आम्ही सगळ्या सोप्यावर पाने लावीत बसलो असताना पाहुणीने वही उघडली. लेक माहेरी आली, न्यायला भाऊ गेला, हे सारे तिने लिहून घेतले. मग अगदी सहज ती माझ्याकडे वळली.

"वहिनी, तुम्ही निपाणीला शेवटी केव्हा गेला होता?"

"तीन वर्षांपूर्वी," मी म्हटले.

"आणि तुम्हाला न्यायला कोण येतं?"

माझ्या हातातली वाटी हातातच राहिली. वन्सं ताटातल्या रांगोळीकडे पाहू लागल्या. आमचे हे उठून बाहेर गेले. तिला वाटले, आपले व्याकरण चुकले. म्हणून तिने तोच प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला.

"आमच्या घरातलं वहीत लिहायचं नाही," आत्याबाई म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता, तरी मुलीचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. तिने ते पान फाडले, घडी घातली आणि दोन्ही हातांनी आत्याबाईंपुढे धरले. "चुकलं माझं, काकू," ती म्हणाली. आत्याबाईंनी कागद कमरेला खोवला आणि त्या आत गेल्या.

दोन दिवस घरात कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. मग हळूहळू सगळे पूर्ववत झाले. तिने मला तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. पण एकदा विचारलेला प्रश्न परत घेता येत नाही. तो आमच्याबरोबर जेवायला बसे आणि रात्री दिवा मालवल्यावरही जागा असे.

अशा मुलामुलींविषयी मी पुढे बरेच वाचले, ऐकले. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या कॉलेजांचे विद्यार्थी कित्येक वर्षे पुण्यात येत, मराठी शिकत, मराठी कुटुंबांत राहत. आपल्या दलित चळवळीच्या इतिहासाचा जन्मभर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर झेलियट तिकडच्याच कार्लटन कॉलेजात शिकवीत. त्याच कॉलेजात शिकलेल्या गेल ऑमव्हेट महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला आल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सूनबाई झाल्या. १९८३ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, आणि २०२१ साली कासेगावातच त्यांनी देह ठेवला. मॅक्सीन बर्नसन फलटणला आल्या त्या तिथल्या बोलीवर प्रबंध लिहायला. त्याही भारतीय नागरिक झाल्या आणि फलटणच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढली. त्या शाळेला ज्या कमला निंबकरांचे नाव आहे, त्याही जन्माने अमेरिकन आणि लग्नाने फलटणच्या निंबकरांच्या घरच्या. पुण्यात राहून हेमा राईरकरांसह खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करणारे गी पॉयत्व्हाँ मूळचे फ्रान्सचे. त्यांनी जमवलेल्या ओव्यांची संख्या लाखावर गेली, आणि त्यांत माहेराच्या किती असतील याची कल्पना कोणत्याही बाईला सहज करता येईल.

ही राहिलेली माणसे. त्यांची नावे आपण आदराने घेतो, आणि ते योग्यच आहे. पण बहुतेक विद्यार्थी राहत नाहीत. ते येतात, विचारतात, लिहून घेतात आणि जातात. त्यांनी जायचेच असते. इरावतीबाई स्वतः नव्हत्या का बर्लिनला जाऊन शिकून १९३० साली परत आल्या? त्या तिकडेच राहिल्या असत्या तर नुकसान आपलेच होते. तेव्हा जाण्यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच असतो, की जाताना निरोप कसा घ्यायचा.

आमच्या पाहुणीलाही तोच प्रश्न पडला.

मार्गशीर्ष उजाडला. उसाच्या गाड्यांनी रस्ते भरले. दत्तजयंतीला आत्याबाई तिला नरसोबाच्या वाडीला घेऊन गेल्या. कृष्णा-पंचगंगेचा संगम, पालखी, दुकानांतली बासुंदी आणि कवठाची बर्फी, सगळे पाहून-खाऊन दोघी रात्री परतल्या त्या मायलेकींसारख्या एकमेकींच्या खांद्यावर पेंगत. चारच दिवसांनी तिला पुण्याला आणि तिथून मुंबईहून विमानाने घरी जायचे होते.

मग एकेक बायका येऊ लागल्या. जिच्याकडे ही वही घेऊन बसली होती, ती प्रत्येक जण काहीतरी घेऊन आली. कोणी शेंगा, कोणी गुळाचा खडा, कोणी घरच्या तिखटाची पुरचुंडी. उदगावच्या एका म्हातारीने कृष्णाकाठची वांगी आणली. अमेरिकेला वांगी नेता येत नाहीत, हे तिला कोण सांगणार? आम्ही ती रात्री भरून केली. माडीवरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि त्या ढिगाऱ्यात ही मुलगी रडत बसली.

"मी यांना फक्त प्रश्न विचारले," ती म्हणाली. "या मला का देतात?"

मामंजी जिन्यात उभे होते. ते एरवी तिच्याशी फार बोलत नसत. "बाळ, तू त्यांना त्यांच्या माहेराविषयी विचारलंस," ते म्हणाले. "घरात कोण विचारतं त्यांना ते?"

निघायच्या आदल्या रात्री आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो. मी तिच्या शिदोरीच्या दशम्या लाटत होते. ती आत्याबाईंजवळ पाटावर बसली होती.

"काकू, उद्या मी काय म्हणू?" तिने विचारले. "इथे कोणी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणतात. पण मी कधी येणार? खूप पैसे लागतात. कदाचित कधीच येणार नाही. मग 'येते' म्हटलं तर खोटं होईल. मला तुमच्याशी खोटं बोलायचं नाही."

दोन महिन्यांत ती मराठी किती शिकली होती, हे मला त्या वेळी उमगले. आत्याबाईंनी चुलीतले लाकूड मागे ओढले.

"येतो म्हंजे येणार असं नव्हं पोरी," त्या म्हणाल्या. "ते माणसाला सांगायचंच नसतंय. ते दाराला सांगायचं. म्हंजे दार आपल्याला परकं म्हणत नाही."

"आणि मी नाही आले तर?"

"तर दार वाट बघंल. दाराला काय काम असतंय दुसरं?"

एवढे बोलून त्या एकदम थांबल्या. माझे लाटणे थांबले होते, ते त्यांनी पाहिले. निपाणीला एक दार तीन वर्षे वाट पाहत होते, ते त्या क्षणी आम्हां दोघींनाही दिसत होते. 'दशमी करपंल बघ,' एवढेच त्या म्हणाल्या आणि उठून ओसरीवर गेल्या.

सकाळी मी सडा घालत होते. कोपऱ्यावरून कोणीतरी येताना दिसले. हातात पिशवी, डोक्याला टोपी. माझा भाऊ होता तो! मला वाटले, निपाणीला काही बरेवाईट झाले. माझ्या हातातला तांब्याच खाली पडला.

"आईला बरं नाही का रे?"

"आई बरी आहे. तुला न्यायला आलोय. तुमचं कार्ड आलं न्हवं का!"

दत्तजयंतीहून परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंनी ह्यांच्याकडून निपाणीला कार्ड लिहून घेतले होते आणि कोणाला बोलायचे नाही अशी तंबी दिली होती. म्हणजे रात्रीचे ते दाराचे बोलणे नंतरचे. त्याआधीच त्यांचे ठरलेले होते. आत्याबाई बाहेर आल्या. भावाला म्हणाल्या, "हातपाय धुवा, पाव्हणं. जेवल्याबिगर निघायचं नाही." त्यांच्या तोंडून हे ऐकून तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला.

अकराच्या सुमाराला आत्याबाईंनी दोन पाट मांडले. दोन खण, दोन नारळ, दोन सुपांत तांदूळ. शेजारच्या काकू पाहायला आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बिनलग्नाच्या पोरीची ओटी भरत्यात व्हय?"

"लेकीची भरत्यात," आत्याबाई म्हणाल्या.

आधी तिची ओटी भरली, तिच्या ओढणीत. मग माझी. दोघींच्या कपाळाला कुंकू लावले आणि दोघींच्या हातांवर दही घातले. मला देताना त्या एवढेच म्हणाल्या, "तुझ्या आईला माझा नमस्कार सांग." तीन वर्षांचा अबोला एवढ्या पाच शब्दांत संपला. लुगड्याची गोष्ट त्यानंतर कधी निघाली नाही.

पाहुणी उंबऱ्यात उभी राहिली. बोलायला तोंड उघडी आणि मिटी. पुण्याला तिला 'मी येते' असे शिकवले होते. पण आमच्या कोल्हापूरकडच्या बायका आलो, गेलो, येतो असेच बोलतात. ते तिने आपल्या वहीत मोठ्या गमतीने टिपून घेतले होते. तिने एक हात चौकटीवर ठेवला, आत्याबाईंकडे पाहिले आणि म्हणाली,

"काकू, येतो."

आत्याबाई आधी हसल्या. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

कोपऱ्यापर्यंत आम्ही बरोबर गेलो. तिथून ती ह्यांच्याबरोबर स्टेशनाकडे वळली, मिरजेला जाऊन पुण्याची गाडी धरायला. मी मुलीला घेऊन भावाबरोबर एस.टी. स्टँडाकडे. निघालेल्या माणसाने मागे वळून पाहू नये म्हणतात. दोघींनीही पाहिले.

निपाणीला काय झाले ते मी लिहीत नाही. ज्यांना माहेर आहे त्यांना ते सांगायला नको. एवढेच सांगते, की त्यानंतर आई दीड वर्षच होती. त्या दीड वर्षात मी चार वेळा जाऊन आले. त्या चार खेपा माझ्या वाट्याला आल्या नसत्या, तर पुढचे आयुष्य मी कोणत्या तोंडाने काढले असते, कोण जाणे.

पुढे एकदा, सगळे निवले असताना, मी आत्याबाईंना विचारले, की तुम्ही कार्ड का धाडलेत? त्या शेंगा फोडत होत्या.

"पोरगीनं विचारलं ते मला रुचलं नाही," त्या म्हणाल्या. "पण विचारलं न्हवं? विचारल्यावर उत्तर द्याय लागतंय."

पाहुणीची पत्रे आली. पहिल्या वर्षी तीन, मग वर्षाकाठी एक, मग नाताळाचे कार्ड. तिच्या प्रबंधाची टंकलिखित प्रत आली, ती आमच्या घरात कोणाला वाचता आली नाही. पण पहिल्याच पानावर देवनागरीत 'आत्याबाई' हा एक शब्द होता, तो सगळ्यांनी वाचला. तिची परत येण्याची वेळ काही आली नाही. नोकरी, लग्न, मुले. तिचेही संसाराचे पाश आमच्यासारखेच होते. २००३ साली आत्याबाई गेल्या तेव्हा मी तिला पत्र घातले. उत्तर दोन महिन्यांनी आले. तिने लिहिले होते, 'माझी आई इथून दूर, एकटी राहते. आमच्याकडे मुराळी नसतो. कोणी न्यायला येत नाही, म्हणून आम्ही जायचे विसरतो. तुमचे पत्र वाचले आणि मी गाडी काढली. आईने दार उघडले तेव्हा मला काकू आठवल्या.'

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे पाण्याखाली गेली. जिथे जिथे ती वही घेऊन हिंडली होती, तिथली माणसे जीव मुठीत धरून बाहेर पडली. त्या बातम्या तिने परदेशात पाहिल्या आणि कुठून तरी माझ्या मुलीचा पत्ता मिळवून तिला चार ओळींचे ई-पत्र पाठवले. 'घर ठीक आहे का? दार आहे का?' मुलीला दाराचा प्रश्न कळला नाही. मी तिला म्हटले, "लिही, दार आहे."

तर असा हा कागद. आपल्याकडे येणारी मुले आपला अभ्यास करून जातात, असे आपण म्हणतो. त्यांच्या वह्यांत आपण किती उरतो, ते त्यांचे त्यांना ठाऊक. पण ती गेल्यावर आपल्याकडे काय उरते, याची वही कोणी ठेवत नाही. आमच्या घरी एक कोरी जागा उरली होती. आत्याबाईंनी ती सतरा वर्षे पोथीत ठेवली. कदाचित रोज पोथी उघडली की ती त्यांना दिसत असेल.

मी नातीकडून पेन मागून घेतले आणि त्या कोऱ्या जागेत लिहिले, 'भाऊ.' अजूनही तोच येतो. त्याला आता गुडघ्यांमुळे एस.टी. चढवत नाही, म्हणून भाचा मोटारीतून त्याला घेऊन येतो. पण दिवाळीत न्यायला यायचे त्याने सोडलेले नाही. नातीने कागदाचा फोटो काढला आणि तिच्या आईने तो अमेरिकेला धाडला.

"आजी, त्या येणार आहेत का गं?" नात विचारत होती.

"येतो म्हणून गेली आहे," मी म्हटले, आणि कागद पुन्हा पोथीत ठेवून लाल फडक्याची गाठ बांधली.